गुरुजींचं एक वाक्य ग्रंथात सापडलं नाही, तर बाकीच्याचं काय करायचं?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: "अकरा वर्षं मी एका अभ्यासमंडळात जाते. सहा वर्षांपूर्वी माझी जिवाभावाची मैत्रीण मंडळ सोडून गेली. गुरुजी म्हणाले, सोडून गेलेल्याशी बोलणं-भेटणं ठेवू नये, ग्रंथात तसं स्पष्ट आहे. मी तिच्याशी संबंध तोडला. गेल्या महिन्यात पहिल्यांदाच तो ग्रंथ स्वतः उघडला. त्या जागी निश्चय सोडणाऱ्या साधकाची निंदा आहे. त्याच्याशी बोलू नका असं तिथे नाही, मागेपुढेही नाही. गुरुजींना विचारलं तर म्हणाले, 'तुझी श्रद्धा कमी पडते म्हणून तुला ते दिसत नाही.' नवरा म्हणतो, ज्याचं त्याचं सत्य असतं, सोडून दे. पण याच माणसाने मला राग आवरायला शिकवलं, खोटं न बोलायला शिकवलं. तेही सगळं खोटं धरू का? आता ऐकायचं कोणाचं, फक्त स्वतःच्या मनाचं? रविवारी नव्या लोकांचा वर्ग मी घेते. हा नियम मी त्यांनाही शिकवला आहे."

ताई, आधी तो ग्रंथ पुन्हा उघडा. तुमचं वाचन चुकलं असेल असं मला वाटत नाही. पण पुढची सगळी पावलं याच वाचनावर उभी राहणार आहेत, म्हणून ते पक्कं हवं.

एका कोऱ्या कागदावर गुरुजींचं वाक्य जसं आठवतं तसं लिहा, शक्यतो त्यांच्याच शब्दांत. त्याखाली ग्रंथातलं मूळ वाक्य अध्याय आणि श्लोकाच्या क्रमांकासह उतरवा. निदान दोन वेगळ्या आवृत्त्या घ्या, कारण श्लोकांचे क्रमांक आवृत्तीगणिक सरकतात आणि पाठभेदही असतात. त्यातली एक सटीक, म्हणजे टीकाकाराच्या स्पष्टीकरणासह, असावी. गुरुजींचं वाक्य मुळात नसेल, टीकेत असेल, असंही होऊ शकतं. मग ते टीकाकाराचं मत म्हणून मोजायचं. त्या जागेच्या मागचे दहा आणि पुढचे दहा श्लोक वाचा आणि दोन गोष्टी तपासा.

पहिली, बोलतंय कोण? शास्त्रग्रंथांत आधी पूर्वपक्ष मांडतात, म्हणजे समोरच्याचं मत त्याच्याच तोंडून सांगतात, आणि मग ते खोडून सिद्धांत देतात. पूर्वपक्षातलं वाक्य उचलून 'ग्रंथ असं म्हणतो' म्हणून सांगणं ही फार जुनी आणि फार नेहमीची चूक आहे. चांगले शिकलेले लोकही ती करतात, कारण पाठ केलेल्या वाक्याबरोबर त्याचा संदर्भ पाठ होत नाही.

दुसरी, वाक्य आज्ञा करतंय की स्तुती-निंदा? मीमांसकांनी, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ कसा लावायचा याचे नियम करणाऱ्या पंडितांनी, यासाठी 'विधी' आणि 'अर्थवाद' असे दोन कप्पे केले. 'हे करावं' किंवा 'हे करू नये' हा विधी-निषेध. 'हे करणारा थोर, ते करणारा हीन' हा अर्थवाद, आणि अर्थवादातून परस्पर नवा नियम काढता येत नाही. त्यांचा 'नहि निंदा न्याय' तुमच्या प्रसंगाला अगदी नेमका लागू पडतो. ग्रंथात एखाद्या गोष्टीची निंदा येते ती त्या गोष्टीला झोडपण्यासाठी नसते, जे सांगायचं आहे त्याची थोरवी ठसवण्यासाठी असते. निश्चय सोडणाऱ्याची निंदा केली ती वाचणाऱ्याने निश्चय सोडू नये म्हणून. तिच्यातून 'सोडणाऱ्याला वाळीत टाका' हा हुकूम निघत नाही. तो काढायला ग्रंथात वेगळं आज्ञार्थी वाक्य हवं, आणि ते नाही असं तुम्हीच लिहिता. तरी प्रकरणाची सुरुवात आणि शेवट ताडून बघा, आणि हा मुद्दा ग्रंथात आणखी कुठे पुन्हा येतो का तेही बघा. तात्पर्य ठरवण्याच्या ज्या सहा खुणा परंपरेने सांगितल्या आहेत, त्यांतल्या पहिल्या दोन याच: उपक्रम-उपसंहार, म्हणजे आरंभ आणि शेवट, आणि अभ्यास, म्हणजे तीच गोष्ट पुन्हा येणं. जी गोष्ट आरंभी नाही, शेवटी नाही आणि मध्ये एकदाही पुन्हा आलेली नाही, ती ग्रंथाचं तात्पर्य आहे असं म्हणणाऱ्यावर पुराव्याचा भार येतो.

आता ही चूक घडली कशी ते बघू. 'मी इतकी कशी फसले' या प्रश्नाने तुम्ही स्वतःला पोखरताय असं पत्रातून दिसतं, म्हणून हे जरा सविस्तर सांगते. आपल्या दर्शनांनी, म्हणजे तत्त्वज्ञानाच्या परंपरांनी, चुकीचा अभ्यास शिंपलीवरून केला आहे. वाळूत पडलेली शिंपली चकाकते आणि बघणारा म्हणतो, "हे रुपं (चांदी) आहे." या एवढ्याशा वाक्यावर शेकडो वर्षं वाद झाले. नैयायिक, म्हणजे न्यायदर्शन मानणारे, म्हणतात, एका वस्तूवर दुसरीचं रूप चढलं, ही अन्यथाख्याती. प्रभाकर मीमांसक म्हणतात, तिथे एक चुकीचं ज्ञान झालेलंच नाही, दोन वेगळी ज्ञानं झाली. 'हे' समोर दिसलं. 'रुपं' आठवलं. पण आठवलेलं आठवलेलं आहे हे लक्षातून निसटलं, आणि दोन्हींमधली फट दिसली नाही. याला ते अख्याती म्हणतात. तत्त्वज्ञान म्हणून कोण बरोबर हा वाद मिटलेला नाही, पण तुमच्या कामाला प्रभाकरांची मांडणी जास्त येते. श्लोक ग्रंथात होता. 'बोलू नका' हे तुम्ही ऐकलेलं होतं. ऐकलेलं वाक्य श्लोकाला चिकटलं आणि सहा वर्षं दोन्ही मिळून 'ग्रंथात आहे' असं एकच होऊन बसलं. गुरुजींच्या मनातही बहुधा असंच झालं असेल, त्यांच्या गुरूंकडून ऐकलेलं. म्हणून तो कागद दोन ओळींत लिहायला सांगितला. एका ओळीत दिसलेलं, एका ओळीत ऐकलेलं. असे कागद आणखी चार-पाच नियमांसाठी करा, विशेषतः ज्या नियमांनी कोणाला तरी दुखावलं जातं त्यांच्यासाठी. सगळी शिकवण एका आठवड्यात तपासायला बसू नका. थकाल, आणि थकलेला माणूस एक तर सगळं मान्य करतो किंवा सगळं फेकून देतो.

'तुझी श्रद्धा कमी पडते' या उत्तराचा समाचार मात्र नीट घ्यायला हवा, कारण ते जुनं आहे आणि काही ठिकाणी योग्यही असतं. न्यायदर्शनाच्या मूळ ग्रंथात, न्यायसूत्रांत, आक्षेप आला आहे की वेदात सांगितलेली इष्टी, म्हणजे यज्ञ, करूनही फळ मिळत नाही, तेव्हा ते वचन खोटं. त्यावर उत्तर दिलं आहे की फळ आलं नाही ते कर्म, कर्ता किंवा साधन यांतल्या वैगुण्यामुळे. वरवर पाहता हे गुरुजींच्या उत्तरासारखंच वाटतं. पण भाष्यकार वात्स्यायन तिथे अरणीचं उदाहरण देतात. लाकडं घासून अग्नी निघतो, हे विधान. निघाला नाही तर? घासण्याची रीत चुकली, घासणाऱ्याची समज किंवा प्रयत्न कमी पडला, किंवा लाकूड ओलं होतं, पोखरलेलं होतं. ओलं लाकूड हाताला कळतं! अग्नी निघण्या-न निघण्याआधी, वेगळ्या रीतीने, कोणालाही तपासता येतं. सबब खरी असेल तर ती अशी तपासता यावी लागते. फळ मिळालं नाही हाच ज्या दोषाचा एकमेव पुरावा, तो दोष दाखवलेला नसतो, लादलेला असतो. आणि तुमच्या बाबतीत तर फळाचा प्रश्नच नाही. पानावर एखादं वाक्य छापलेलं आहे की नाही, हे श्रद्धेने बदलत नाही. श्रद्धाळू आणि नास्तिक दोघांनाही ते सारखंच दिसतं.

मग बाकीची शिकवण? तुम्ही गुरुजींना एक सलग वस्तू समजता आहात, पूर्ण खरे किंवा पूर्ण खोटे. न्यायदर्शनात 'आप्त' म्हणजे ज्याचा शब्द प्रमाण धरावा असा माणूस. त्याचं वात्स्यायनांनी केलेलं वर्णन असं: ज्याने ती गोष्ट स्वतः साक्षात जाणली आहे, जशी जाणली तशीच सांगण्याची ज्याला इच्छा आहे आणि त्या इच्छेने जो बोलतो आहे. पुढे ते म्हणतात, हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सगळ्यांना समान आहे. म्हणजे आप्तपणा कुळाला, वेषाला किंवा आसनाला चिकटलेला नाही. तो त्या विषयातल्या ज्ञानाला आणि प्रामाणिकपणाला चिकटलेला आहे, आणि विषय बदलला की पुन्हा तपासावा लागतो. राग कसा आवरावा हे गुरुजींना खरोखर ठाऊक असेल. तो ग्रंथ त्यांना तितका ठाऊक नसेल. एका माणसात या दोन्ही गोष्टी सुखाने नांदतात.

स्वतःच्या शब्दाला चूक लागूच शकत नाही असा दावा करणाऱ्या परंपरांनाही कुंपण घालावं लागलं आहे. रोमन कॅथलिक चर्चने १८७० साली पोपचं अस्खलनशीलत्व (चुकू न शकणं) जाहीर केलं, पण अटी घालून: विषय श्रद्धेचा किंवा नीतीचा हवा, पोप सगळ्या चर्चचा गुरू या नात्याने बोलत असावा, आणि निर्णय कायमचा म्हणून दिलेला असावा. त्यानंतर या अटींत निर्विवाद बसलेली घोषणा एकच, १९५० सालची. एवढ्या मोठ्या दाव्याला जर इतकं कुंपण, तर तुमच्या मंडळातल्या प्रत्येक वाक्याला मोकळं रान देण्याचं कारण नाही.

एक वही घ्या आणि शिकलेल्या गोष्टी तीन भागांत मांडा. ज्या मी स्वतः करून बघितल्या. ज्या ऐकल्या, पण पडताळता येतील. ज्या पडताळताच येत नाहीत. 'राग आला की लगेच बोलायचं नाही' हे पहिल्या भागात जाईल. अकरा वर्षं तुम्ही ते वापरलंय आणि उपयोग तुमचा तुम्हाला कळतो, तेव्हा ते आता गुरुजींच्या शब्दावर टांगलेलं नाही. गुरुजी उद्या मंडळ सोडून गेले तरी ते तुमच्याकडेच राहील. 'खोटं बोलू नये' याचंही तेच. 'ग्रंथात असं आहे' अशी वाक्यं दुसऱ्या भागातली. तिथे कुमारिल भट्टांचा, सातव्या शतकातल्या मीमांसकांचा, नियम वापरा. ज्ञान झालं की ते खरं धरून चालायचं, आणि सोडायचं ते दोन कारणांनी: उलट सांगणारं पक्कं ज्ञान झालं तर, किंवा ज्या वाटेने ते आलं त्या वाटेतच दोष सापडला तर. नुसती धाकधूक, 'काय सांगावं, हेही खोटं असेल', हे तिसरं कारण ते मानत नाहीत. मैत्रिणीबद्दलचा नियम पहिल्या कारणाने गेला. पण दुसरं कारणही जागं झालंय हे नाकारू नका: गुरुजी उतारे न तपासता सांगतात हे कळल्यावर त्यांचे इतर उतारे आता तपासल्याशिवाय घेता येणार नाहीत.

तिसऱ्या भागात परलोक, कर्मफळ, मोक्ष असं सगळं येईल. नैयायिक म्हणतात, ज्याचा शब्द दिसणाऱ्या गोष्टींत खरा ठरतो त्याच्यावर न दिसणाऱ्या गोष्टींतही भरवसा ठेवावा. आयुर्वेदाचं उदाहरण ते त्यासाठीच देतात. हा युक्तिवाद मान्य केला तर तो उलट्या बाजूनेही लावावा लागतो, असं माझं मत आहे. दिसणाऱ्या गोष्टींत शब्द डगमगला की न दिसणाऱ्यांतली त्याची पत कमी होते. या भागासाठी मज्झिमनिकाय या बुद्धाच्या उपदेशांच्या संग्रहातल्या ९५ व्या, चंकी सुत्तातली रीत उत्तम आहे. श्रद्धा, आवड, परंपरेने ऐकलेलं, तर्काने जुळवलेलं आणि विचारांती पटलेलं, या पाचही गोष्टी खऱ्या निघू शकतात आणि खोट्याही, असं बुद्ध तिथे सांगतात. म्हणून सत्य जपणाऱ्याने 'माझी श्रद्धा अशी आहे' एवढंच म्हणावं; 'हेच खरं, बाकी सगळं खोटं' इथवर उडी घेऊ नये. बोलताना हा शब्दप्रयोग खरोखर वापरून बघा. पहिले काही दिवस जीभ अडखळते, मग सवय होते.

फक्त मनाचं ऐकू का, असं तुम्ही विचारता. नाही. लोक कालाम सुत्ताचा हवाला देऊन सांगतात की बुद्धाने फक्त स्वतःच्या बुद्धीवर चालायला सांगितलं. ती यादी नीट वाचा. ज्या दहा गोष्टींवर केवळ विसंबू नये म्हटलं आहे त्यांत परंपरा, ग्रंथ आणि 'हा आमचा गुरू आहे' हे आहेतच, पण तर्क, अनुमान आणि आपल्या मताशी जुळणं हेही आहे. पुढे जी कसोटी दिली आहे तिच्यात सुज्ञ लोक त्या गोष्टीची निंदा करतात की प्रशंसा, हेही मोजलं आहे. म्हणजे माणसं हवीतच, फक्त निवडून. कशी निवडायची याचं वर्णन तैत्तिरीय उपनिषदात, शिक्षण संपवून घरी निघालेल्या शिष्याला केलेल्या उपदेशात आहे. वागण्याबद्दल शंका आली तर जे विचारी आहेत, दुसऱ्याच्या सांगण्यावरून नव्हे तर स्वतःहून त्या कामात आहेत, रूक्ष नाहीत आणि ज्यांना धर्माचीच चाड आहे, असे लोक तिथे कसे वागतात ते बघ आणि तसा वाग. 'अलूक्षाः', रूक्ष नसलेले, हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. तुम्ही अशी दोन-तीन माणसं शोधा, एक तरी मंडळाबाहेरची. त्याच उपदेशात आचार्य म्हणतात, आमची जी चांगली आचरणं असतील तीच घे, इतर नको. स्वतः गुरूच शिष्याला निवड करायला सांगतो आहे.

नवऱ्याच्या म्हणण्याबद्दल थोडंच. त्यांचा हेतू तुम्हाला त्रास होऊ नये हा आहे. पण 'ज्याचं त्याचं सत्य' म्हणजे जैनांचा अनेकान्तवाद, सत्याला अनेक बाजू असतात हे मत, नव्हे. जैन विचारात एका वस्तूकडे बघण्याच्या अनेक बाजूंना नय म्हणतात, आणि आपलीच बाजू संपूर्ण म्हणून मांडण्याला दुर्नय. म्हणजे तिथेही चूक नावाची गोष्ट आहे. वाक्य पानावर असणं-नसणं हा तर बाजूंचा प्रश्नही नाही.

आता गुरुजी. पुन्हा एकदा विचारा, एकांतात, तो कागद समोर ठेवून, आणि एकच प्रश्न: "हे वाक्य कुठे आहे ते मला दाखवाल का?" हेतूबद्दल बोलू नका, 'तुम्ही खोटं बोललात' म्हणू नका, कारण ते तुम्हाला माहीत नाही. चंकी सुत्तातच एकमेकांना धरून चाललेल्या आंधळ्यांच्या रांगेचा दाखला आहे: पहिल्यालाही दिसत नाही, मधल्यालाही नाही, शेवटच्यालाही नाही. त्या रांगेत कोणी लबाड असावाच लागत नाही. उत्तराकडे मात्र नीट लक्ष द्या. "मी माझ्या गुरूंकडून ऐकलं होतं, बघायला हवं" असं म्हणाले तर माणूस शाबूत आहे. नियम मंडळाचा आहे, ग्रंथाचा नाही, असं म्हणाले तरी चालेल; मग तो मंडळाचा नियम म्हणून तोलायचा आणि ग्रंथाचं वजन त्यावरून उतरवायचं. विचारल्याबद्दलच तुम्हाला शिक्षा झाली, वर्ग काढून घेतला, इतरांना तुमच्याशी बोलू नका सांगितलं, तर उत्तर मिळालं असं समजा.

गुरूला असं पारखणं हा उद्धटपणा वाटत असेल तर मज्झिमनिकायातलंच ४७ वं, वीमंसक सुत्त बघा. तिथे बुद्ध स्वतःलाच तपासायला सांगतात. डोळ्यांना आणि कानांना कळेल अशा वागण्या-बोलण्यात मलिनता आहे का? चांगुलपणा आजकालचा आहे की दीर्घकाळचा? प्रसिद्धी मिळाल्यावर काही दोष शिरलेत का? संयम भीतीपोटी आहे का? आणि शेवटी, हे सगळं त्यालाच विचारावं. बौद्ध संघात वर्षावासाच्या, म्हणजे पावसाळ्यातल्या एका जागच्या मुक्कामाच्या, शेवटी पवारणा होते. प्रत्येक भिक्खू, थेर म्हणजे ज्येष्ठही, इतरांना विनवतो की माझा दोष पाहिला, ऐकला किंवा शंकेत आला असेल तर सांगा. ज्या मंडळात वर्षातून एकदाही असं काही घडत नाही, तिथे चूक सापडायला तुमच्यासारखी एखादी वाचक लागते आणि सहा वर्षं जातात.

राहिली मैत्रीण, आणि तिथे मी तुम्हाला पूर्ण मोकळं करणार नाही. यहुदी धर्मकायद्याच्या ग्रंथांत 'होरायोत' नावाचा एक भाग धर्मन्यायालयाच्या चुकीच्या निकालांवरच आहे. न्यायालयाच्या शब्दावर विसंबून कोणी चुकीचं वागला तर तो सुटतो. पण निकाल चुकलाय हे ज्याला कळलं आणि तरी जो त्याप्रमाणे वागला, तो सुटत नाही. त्याला न्यायालयाच्या आड उभं राहता येत नाही. तेराव्या शतकातले ख्रिस्ती तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनस आणखी पुढे जातात. चुकलेली सदसद्विवेकबुद्धीही माणसाला बांधते, पण जी चूक आपल्याच निष्काळजीपणातून आली ती माफीचं कारण होत नाही. तुमच्या सहा वर्षांचा हिशेब याच दोन मोजमापांनी करा. तुम्ही विसंबलात, द्वेषाने वागला नाहीत, हे खरं. ग्रंथ मिळण्याजोगा होता आणि एका जिवाभावाच्या माणसाला तोडताना तुम्ही तो उघडला नाहीत, हेही खरं. तो तुमचा वाटा, तेवढाच घ्या. गेल्या महिन्यापासूनचा प्रत्येक दिवस मात्र संपूर्ण तुमचा आहे.

म्हणून तिला पत्र आधी लिहा, गुरुजींशी बोलणं नंतर. त्यांचं उत्तर काहीही आलं तरी तिला लिहायचा मजकूर बदलत नाही. पाच-सहा ओळी पुरेत: मी तुझ्याशी बोलणं तोडलं, ते चूक होतं. ज्या आधारावर तोडलं तो आधार मी तेव्हा तपासला नाही, आता तपासला, तो नाही. तुला त्रास झाला असणार. तुला बोलावंसं वाटलं तर मी आहे, नाही वाटलं तरी समजेन. गुरुजींचा उल्लेख नको, तो दोष सरकवण्यासारखा वाचला जातो. क्षमा कर असंही लिहू नका, त्याने तिच्यावर उत्तराचं ओझं पडतं. आणि उत्तर आलं नाही तर दुसरं पत्र लगेच पाठवू नका.

रविवारच्या वर्गात चूक ज्या तोंडाने आणि ज्या जागेवरून सांगितली, त्याच तोंडाने आणि त्याच जागेवरून दुरुस्त करा. एकेकाला बाजूला घेऊन सांगू नका, तशाने कुजबुज होते आणि निम्म्या लोकांपर्यंत पोचतच नाही. वर्गाच्या सुरुवातीला दोन मिनिटं घ्या. तो उतारा क्रमांकासह फळ्यावर लिहा, आणि सांगा की 'सोडून गेलेल्याशी बोलू नये' असं मी ग्रंथाच्या नावाने शिकवलं होतं, तसं या उताऱ्यात नाही, तुम्हीही घरी उघडून बघा. या नियमामुळे कोणी कोणाशी बोलणं बंद केलं असेल तर त्याने मला वर्गानंतर भेटावं. मग पंधरा-वीस मिनिटं तिथेच थांबा, दार उघडं ठेवून. जो येईल त्याला तुमचं मैत्रिणीला लिहिलेलं पत्र दाखवू नका, पण ते कसं लिहायचं हे सांगायला आता तुमच्याइतकं योग्य त्या वर्गात दुसरं कोणी नाही.